मुलांची दूरचित्रवाणी: शिकवणी आणि शिकवण



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले त्यात विषय असा लिहिला होता: 'मुलांची शैक्षणिक दूरचित्रवाणी, शाप की वरदान?' पत्र वाचून आम्हांला हसू आले. शाळेत असताना 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर आम्ही एका वर्षी शापाच्या बाजूने आणि पुढच्या वर्षी वरदानाच्या बाजूने बोललो होतो, आणि दोन्ही वेळा आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. या वयात पुन्हा त्या फंदात पडण्याची हौस उरलेली नाही. म्हणून चिटणीसांना कळवले की विषय राहू द्यावा, शीर्षक तेवढे बदलावे. त्यांनी ते मान्य केले याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही सुरुवात करतो.

सुरुवात आमच्याच घरापासून केलेली बरी. आमच्याकडे दूरचित्रवाणीचा संच आला तो १९८५ साली. कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. संच यायच्या आधीच आम्ही नियम ठरवून टाकला होता: मुलांनी 'शैक्षणिक' असेल तेवढेच पाहावे, बाकीचे नाही. कार्यक्रम शैक्षणिक आहे की नाही हे ठरवणारे न्यायाधीश अर्थातच आम्ही. आमची न्यायदानाची पद्धत सोपी होती. वर्तमानपत्राच्या आडून कान द्यायचा. पाढे, अक्षरे, पाने-फुले-पक्षी असे काही ऐकू आले की संच चालू. गाणे किंवा हसणे ऐकू आले की बंद. ही शिस्त आम्ही काही वर्षे मोठ्या अभिमानाने चालवली आणि चारचौघांत तिच्या गोष्टीही सांगितल्या.

पुढे ती मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. एके दिवशी अशाच गप्पा चालल्या असताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आमचे कार्यक्रम तपासलेत खूप, पण आमच्याबरोबर बसून एकसुद्धा पाहिला नाहीत." ती हे रागाने म्हणाली नाही. तसे असते तर आम्ही उत्तर दिले असते. ती सहज बोलली, म्हणूनच ते आमच्या मनात राहिले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा.

आमची चूक कोठे होती? आमच्या समजुतीप्रमाणे कार्यक्रम जे शिकवतो म्हणून सांगतो तेच तो शिकवतो. पण मराठीत दोन जवळजवळचे शब्द आहेत: शिकवणी आणि शिकवण. शिकवणीला वेळ असते, विषय असतो, ती कानांना ऐकू येते. शिकवणीला पाठवलेले मूल त्या मास्तरांच्या घरून आणखीही पुष्कळ काही घेऊन येते. मास्तर बायकोशी कसे बोलतात, गरिबाच्या मुलाला कोठे बसवतात, आपले चुकले तर कबूल करतात की नाही, हे सारे ते पाहत असते. ती शिकवण. मुलांच्या प्रत्येक कार्यक्रमात या दोन्ही गोष्टी असतात. आम्ही पालक शिकवणी तपासतो आणि शिकवणीकडे लक्ष देऊन दमल्यावर शिकवण तपासायची राहून जाते. आमचे आज एवढेच सांगणे आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या एका जुन्या कार्यक्रमाची हकीकत सांगणार आहोत. तो कार्यक्रम म्हणजे 'सेसमी स्ट्रीट'. हाच का? कारण या विषयातली भांडणे, प्रयोग, चुका आणि दुरुस्त्या जितक्या या एका कार्यक्रमाच्या वाट्याला आल्या तितक्या दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच आल्या असतील.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये एका घरी जेवणाची बैठक होती. यजमानीण बाई जोन गँझ कूनी या दूरचित्रवाणीवर माहितीपट करीत. पाहुण्यांत कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेचे अधिकारी लॉइड मॉरिसेट होते. त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. ती भल्या पहाटे उठून संचासमोर बसे. कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश असे, पडद्यावर नुसती चाचणीची आकृती दिसे. ती त्या आकृतीकडेच पाहत बसे. शिवाय जाहिरातींची गाणी तिला तोंडपाठ झाली होती. मॉरिसेट यांना प्रश्न पडला, की जे यंत्र साबण आणि न्याहारीचे पदार्थ मुलांच्या डोक्यात इतके घट्ट बसवते, ते अक्षरे आणि अंक बसवू शकणार नाही काय?

या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न होता. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतली, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांतली मुले पहिलीच्या वर्गात यायची तीच मागे पडून. सुखवस्तू घरांतल्या मुलांना आधीच गोष्टीची पुस्तके, बालवाडी आणि बोलायला रिकामी माणसे मिळालेली असत. बालवाड्या सर्वांना पुरवणे महाग होते. पण दूरचित्रवाणीचा संच गरिबाच्या घरीही पोचला होता. म्हणून १९६८ साली 'चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' ही संस्था निघाली. सरकार, कार्नेगी आणि फोर्ड यांच्याकडून मिळून सुमारे ८० लाख डॉलर जमले. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेराल्ड लेसर यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि कलावंत एकत्र बसले, आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रम सुरू झाला.

त्यांची काम करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. एडवर्ड पामर या संशोधकांनी मुलांच्या लक्षाची परीक्षा घेण्याची एक युक्ती काढली होती. मुलाला कार्यक्रम दाखवायचा आणि शेजारीच दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रे लावून ठेवायची. मुलाची नजर कार्यक्रमावरून चित्रांकडे कधी वळते ते टिपून घ्यायचे. जेथे वळली तो भाग फसला असे समजायचे. आम्ही मोठी माणसे समोरच्या श्रोत्यांना अशी परवानगी देत नाही, म्हणून बरे आहे. नाही तर या मांडवात किती चित्रे पाहिली जातील कोण जाणे!

या परीक्षेत एक मोठी गंमत झाली. तज्ज्ञांनी सल्ला दिला होता की रस्त्यावरची खरी माणसे आणि बाहुल्या यांची सरमिसळ करू नये, मुलांचा खऱ्या-खोट्याचा घोटाळा होईल. त्याप्रमाणे पहिले नमुन्याचे भाग तयार झाले. ते १९६९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात मुलांना दाखवले, तेव्हा असे दिसले की बाहुल्या आल्या की मुले पाहतात आणि माणसांचा रस्ता आला की इकडेतिकडे बघतात. कर्त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला आणि माणसांच्या रस्त्यावरच बाहुल्या आणल्या. आठ फूट उंचीचा पिवळा पक्षी बिग बर्ड आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा तिरसट ऑस्कर हे त्यातूनच जन्मले. मुलाला समजते किती याबद्दल तज्ज्ञ आणि पालक दोघांचेही अंदाज चुकतात, ते मुलालाच विचारावे लागते, हा या हकीकतीतला पहिला बोध.

आता शिकवण पाहा. कार्यक्रमात अक्षरे होती, अंक होते, आकार होते. ही शिकवणी. पण ती चालायची कोठे? हार्लेमसारख्या जुन्या शहरी वस्तीत, दगडी पायऱ्यांच्या घरांपुढे. तेथे राहणारे प्रमुख जोडपे गॉर्डन आणि सुसान कृष्णवर्णीय. दुकानदार हूपर गोरा म्हातारा. काळी आणि गोरी मुले एकाच पायरीवर बसून पाव खातात. याबद्दल एक शब्दही कोणी बोलत नाही. समतेवर व्याख्यान होत नाही. ती गल्ली तशी आहे, एवढेच.

ही शिकवण सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट कोणाच्या लक्षात आली? पालकांच्या नव्हे, पंडितांच्याही नव्हे. ती लक्षात आली विरोधकांच्या. मे १९७० मध्ये बातमी आली की मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी मंडळाने हा कार्यक्रम आपल्या राज्यात दाखवायचा नाही असे ठरवले आहे. अक्षरांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. काळी-गोरी माणसे एकत्र नांदताना दाखवली आहेत, आणि राज्य अजून त्याला तयार नाही, ही अडचण होती. गवगवा झाला, टीका झाली, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास मंडळाला निर्णय फिरवावा लागला. त्या मंडळाचा आम्ही निषेधच करतो. पण त्यांच्या नजरेचे आम्हांला नवल वाटते. आम्ही वर्तमानपत्राच्या आडून पाढे ऐकत होतो, आणि त्या मंडळाने मात्र पायरीवर कोण बसले आहे ते पाहिले! वाईट हेतूने का होईना, पण पाहावे तेथे पाहिले.

चांगल्या हेतूनेही विरोध झाला. १९७१ साली ब्रिटनच्या बीबीसीच्या बालविभागाच्या प्रमुख मोनिका सिम्स यांनी कार्यक्रम घेण्याचे नाकारले. तो मुलांवर अधिकार गाजवणारा आहे, मुलांचे वागणे बदलण्याचा त्याचा उद्देश त्यांना पसंत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे म्हणणे आम्हांला पूर्ण पटत नाही, पण झटकूनही टाकता येत नाही. मुलाला शाळेसाठी तयार करणे आणि मुलाला मूल राहू देणे यांत ओढाताण आहेच. तीन वर्षांच्या मुलाकडून पाहुण्यांसमोर इंग्रजी वारांची नावे म्हणवून घेणाऱ्या घरांत ती आपल्याला रोज दिसते.

मग शिकवणीचा तरी उपयोग झाला का? याचे उत्तर तीन वेळा दिले गेले, आणि तिन्ही उत्तरे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले उत्तर १९७० आणि १९७१ सालचे. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि सांगितले की ज्यांनी जास्त पाहिले ती जास्त शिकली. सर्वत्र आनंद झाला. दुसरे उत्तर १९७५ सालचे. थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली. त्यांना दिसले की पुष्कळशा मुलांच्या घरी संशोधकांची माणसे जात होती, आईला आणि मुलाला कार्यक्रम पाहण्याबद्दल उत्तेजन देत होती. ही भेट वजा केली तर फायदा बराच आटतो. शिवाय सुखवस्तू घरांतली मुले हा कार्यक्रम अधिक पाहत होती; तेव्हा गरीब-श्रीमंतांतले अंतर बुजवायला निघालेली गाडी ते वाढवण्याचाच संभव होता.

तिसरे उत्तर यायला चाळीस वर्षे लागली. अर्थशास्त्रज्ञ मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन यांनी २०१५ साली एक हुशार तुलना मांडली. त्या काळी अमेरिकेतल्या काही भागांत हा कार्यक्रम ज्या लहरींवरून येई त्या नीट पकडता येत, काही भागांत नाही. ते कोणाच्या हातात नव्हते; पालक चांगले की वाईट याच्याशी त्याचा संबंध नव्हता. जेथे चित्र स्वच्छ दिसे तेथली लहान मुले पुढे शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत असण्याचे प्रमाण जास्त निघाले, आणि मागासलेल्या भागांत हा फायदा अधिक दिसला. मात्र मोठेपणी त्यांचे शिक्षण किंवा कमाई यांवर ठळक परिणाम त्यांना दाखवता आला नाही.

या तीन उत्तरांची बेरीज आम्ही अशी करतो. चांगल्या कार्यक्रमाने मुलाला पहिल्या इयत्तेच्या उंबरठ्यावर हात मिळतो, आणि ज्याला दुसरा हात मिळालेला नाही त्याला त्याची किंमत अधिक. म्हणून दोघांनाही कामावर जावे लागते अशा घरातल्या आईने तासभर मूल संचासमोर बसवले, तर तिला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. दूरचित्रवाणी पाहू नका हा उपदेश ज्यांच्या घरी आजी आहे, अंगण आहे आणि पुस्तकांचे कपाट आहे त्यांना करणे सोपे जाते. पण कुक यांचा धडाही विसरू नये. जवळ येऊन 'आज काय पाहिलेस?' असे विचारणारे कोणी असले की त्याच कार्यक्रमाचे मोल वाढते.

याउलट ज्या वयात काहीच मिळत नाही तेथेही विक्री जोरात चालते. दोन वर्षांखालच्या बाळांना शहाणे करण्याच्या म्हणून चित्रफिती अमेरिकेत अमाप खपल्या. अखेर २००९ साली 'बेबी आइनस्टाइन'च्या ग्राहकांना डिस्ने कंपनीने पैसे परत देऊ केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको. बाळाला शिकण्यासाठी पाहिजे ते चित्र नव्हे, उत्तर देणारा चेहरा.

आता आम्ही या विषयाच्या अवघड भागाकडे येतो. पडद्याने एक सांगितले आणि मुलाने दुसरेच घेतले तर? सेसमी स्ट्रीटवर स्नफी नावाचा केसाळ, सोंडेचा एक प्राणी होता. बिग बर्डचा तो जिवलग मित्र. पण मोठी माणसे यायची वेळ आणि तो जायची वेळ एकच पडे. त्यामुळे मोठ्यांना वाटे, हा बिग बर्डचा कल्पनेतला मित्र आहे. विनोद छान होता, आणि तो १९७१ पासून चौदा वर्षे चालला. मग कर्त्यांच्या मनात आले, की एखाद्या मुलाला घरात किंवा बाहेर कोणी त्रास देत असेल, आणि ते सांगायचे त्याच्या मनात असेल, तर आपला विनोद त्याला काय शिकवतो? मोठी माणसे तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हेच ना? १९८५ साली त्यांनी स्नफीला सर्वांच्या समोर आणले आणि मोठ्यांनी बिग बर्डची माफी मागितली. हे प्रायश्चित्त आम्हांला फार मोलाचे वाटते. चौदा वर्षांची चूक हसण्यात दडलेली होती, आणि आम्ही आमच्या घरी संच बंद करत होतो तो मात्र 'हसण्याचा वेळ वाया जातो' म्हणून!

त्याच स्नफीच्या आईबापांचा घटस्फोट दाखवणारा एक भाग १९९२ साली तयार झाला. हेतू असा की अशा घरांतल्या मुलांना धीर यावा. प्रसारणाआधी तो लहान मुलांना दाखवून प्रश्न विचारले. मुलांनी उलटच अर्थ काढला. आईबाप भांडले की घर मोडते, अशी धास्ती काहींनी घेतली. तो भाग, सारा खर्च बुडवून, कपाटात ठेवण्यात आला. तो कधीच दाखवला गेला नाही. आपल्याकडे किती निर्माते, किती वक्ते आणि किती बाप आपले तयार भाषण असे कपाटात ठेवतील?

आणखी एक उदाहरण संशोधनातले. २००८ साली मेअर्स आणि अकोस्टा या दोघींनी बालवाडीतल्या मुलांना एक व्यंगचित्रकथा दाखवली. तीन पायांच्या कुत्र्याला बाकीचे कुत्रे आधी बिचकतात आणि मग त्याच्याशी मैत्री करतात, अशी ती कथा. सांगायचे होते की अपंग माणसांना दूर लोटू नये. पण तो धडा माणसांना लावणारी मुले फार थोडी निघाली. पुष्कळांनी एवढेच घेतले, की तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावे. मूल काही चुकले नाही. त्याने जे पाहिले ते घेतले. कुत्र्यावरून माणसावर येण्याचा पूल त्याच्या वयाला एकट्याने बांधता येत नाही. तो बांधायला शेजारी माणूस लागते.

शेजारी माणूस असावे याचा उत्तम दाखला म्हणजे दुकानदार हूपरची गोष्ट. ते काम करणारे नट विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर गावी गेला असे सांगता आले असते. तसे केले नाही. हूपर मेले, असे सांगायचे ठरले. बिग बर्ड सर्वांची चित्रे काढून आणतो, हूपरचे चित्र द्यायला त्यांना शोधतो, आणि गल्लीतली माणसे त्याला सांगतात की ते मेले आहेत आणि मेलेली माणसे परत येत नाहीत. 'झोपी गेले', 'देवाघरी गेले' असे आडवळण नाही. आणि हा भाग दाखवला तो २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आईबाप घरी असतील आणि मुलाने विचारले तर उत्तर द्यायला कोणी तरी असेल. कार्यक्रमाच्या कर्त्यांना आपली मर्यादा माहीत होती. मृत्यूची बातमी यंत्र देऊ शकते. पण तेव्हा जी मांडी लागते ती त्याच्याजवळ नाही.

मंडळी, अमेरिकेच्या गल्लीत आम्ही फार वेळ रमलो. आपल्या गल्लीत परत येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करावेत म्हणून पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. आमच्या घरी जे 'शैक्षणिक' म्हणून पास होई त्यात तिचे कार्यक्रम असत. पुष्कळ वर्षे मराठी मुलांनी आपल्या भाषेत, आपल्या मुलांचे चेहरे त्यात पाहिले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. तिच्या कार्यक्रमांत उणिवा असतील, वेग कमी असेल; पण ती आपली गल्ली होती. तिच्यामागे कोणी मोठा आक्रोश केल्याचे आम्हांला आठवत नाही, आणि आम्हीही केला नाही.

त्याची किंमत आम्हांला नातीने दाखवली. ती चार वर्षांची असताना बाहुल्या मांडून खेळत होती. आमच्याशी बोलायची ती स्वच्छ मराठी. पण बाहुल्या एकमेकींशी बोलायच्या त्या हिंदीत. आम्ही विचारले, "अगं, तुझ्या बाहुल्यांना मराठी येत नाही का?" ती म्हणाली, "आजोबा, बाहुल्या हिंदीच बोलतात." तिने पाहिलेली सारी कार्टून हिंदीत होती, म्हणून खेळातल्या जिवांची भाषा हिंदी, हा तिचा सरळ निष्कर्ष. हिंदीशी आमचे वैर नाही. २००६ साली आलेल्या 'गली गली सिम सिम'मधली शाळेच्या गणवेशातली चौकस चमकी हिंदीतच बोलत होती, आणि मुलीने प्रश्न विचारावेत ही तिची शिकवण आम्हांला प्रिय आहे. पण मराठी ही जेवायला बसायची, अभ्यासाची आणि रागावून घेण्याची भाषा, आणि कल्पनेची भाषा दुसरी, ही शिकवण कोणत्याच कार्यक्रमाने उच्चारली नाही, तरी तिने पक्की घेतली. कोणत्याही मंडळाने तिच्यावर मतदान घेतले नाही.

उपाय नाही असे नाही. साथीच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मराठी मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. तिचा भर घरातल्याच वस्तू घेऊन, घरातल्या माणसांबरोबर काही तरी करून पाहण्यावर होता. म्हणजे मनात आणले तर मराठीत करता येते, आणि पाहणाऱ्याला पडद्यापासून उठवूनही करता येते. संकट सरल्यावर ती इच्छा टिकवणे हे सरकारचे जितके काम, तितकेच मागणी करणाऱ्या आपल्यासारख्यांचे.

पालकांनी घरी काय करावे? आम्ही नियमांची यादी देणार नाही. आमच्या नियमांचे काय झाले ते आपण ऐकलेच. चार प्रश्न मात्र सुचवतो. या कार्यक्रमाच्या गल्लीत कोण राहते आणि कोणाला जागाच नाही? संकट आले तर ते विचाराने सुटते, मारामारीने, की जादूने? हसतात ते कोणाला हसतात? आणि चौथा प्रश्न, जो मुलालाच विचारायचा: "काय झालं रे गोष्टीत?" या शेवटच्या प्रश्नाला परीक्षेचा सूर नसावा. मूल जे सांगेल ते ऐकावे, मग आपल्याला काय दिसले ते सांगावे. तीन पायांच्या कुत्र्यावरून शेजारच्या काठी घेऊन चालणाऱ्या काकांपर्यंतचा पूल तेथे बांधला जातो. त्याला पाच मिनिटे लागतात. ज्या आईला तासभर बसता येत नाही तिलाही पोळ्या लाटता लाटता तेवढी मिनिटे देता येतात. आणि आमच्यासारख्या निवृत्त आजोबांना तर कोणतीच सबब उरलेली नाही.

नात आता मोठी झाली आहे, आणि तिच्या पाठचा भाऊ पाच वर्षांचा आहे. हल्ली संध्याकाळी आम्ही त्याच्या शेजारी बसतो. त्याच्या कार्यक्रमांतले पुष्कळसे आम्हांला कळत नाही, चष्मा बदलायला झाला आहे आणि त्यांचा वेग आमच्या वयाला झेपत नाही. परवा एका प्रसंगात सगळे हसले, आणि आम्ही गप्प राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला कळलं नाही ना? थांबा, मी सांगतो." आणि त्याने सांगितले. ते त्याने सांगितले तसे पडद्यावर नव्हतेच, अशी आमची शंका आहे. पण त्याला काय दिसले ते त्या दिवशी आम्हांला समजले. वर्तमानपत्र तोवर मांडीवरून खाली घसरले होते, आणि ते उचलायची आठवण आम्हांला झाली नाही.